रविवारचे मालक

लॉरेन्स बॉडकिन यांना आठवड्यातून एकदाच घराबाहेर पाऊल टाकता येत असे, आणि तेही कायद्याच्या मेहेरबानीने. थकलेल्या कर्जाचं वॉरंट खिशात घालून फिरणाऱ्या बेलिफाला रविवारी कुणाच्या अंगाला हात लावायची बंदी होती. उरलेले सहा दिवस हात लावता येत होता, पण बंद घराचं दार फोडता येत नव्हतं. दार आतून उघडलं तर मात्र खेळ खलास. म्हणून सोमवार ते शनिवार किलकोरनच्या थोरल्या घराला आतून कुलूप, तळमजल्याच्या खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या, आणि त्या अंधारात दोन माणसं: सत्तरी ओलांडलेले बॉडकिनसाहेब आणि त्यांची चौतिशीची लेक लेटिशिया, म्हणजे लेटी.

यात कुणी फार नवल करू नये. दुष्काळानंतर गॉलवेच्या त्या मुलखात असे रविवारचे मालक पुष्कळ झाले होते. बटाटा सडला, कुळं मेली, उरली ती जहाजात बसून अमेरिकेला गेली. मग खंड द्यायला राहिलं कोण? बॉडकिनांच्या आजोबांनी कर्ज काढून शिकारी कुत्र्यांसाठी दगडी इमारत बांधली होती. वडलांनी कर्ज काढून पाहुण्यांसाठी घराला नवी बाजू जोडली. लॉरेन्ससाहेबांनी काही बांधलं नाही. त्यांनी फक्त आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, आणि हे सगळ्यांत महागात पडलं.

ते वाईट माणूस नव्हते. पण वाईट नसलेल्या माणसाच्या हातूनही किती वाईट होऊ शकतं हे पाहायचं असेल, तर दारासमोरच्या झाडाखाली बसलेल्या मायल्स कोइनकडे पाहावं. मायल्सचं झोपडं ह्याच जमिनीवर होतं. ते पाडायच्या हुकमावर बॉडकिनसाहेबांनी सही केली ती न वाचता, जेवता जेवता, कारभाऱ्याने कागद पुढे सरकवला म्हणून. त्या हिवाळ्यात मायल्सची आई रस्त्याच्या कडेला मेली. आता तोच मायल्स बेलिफाचा माणूस झाला होता आणि तीन वर्षं पाईप ओढत, उलट्या बादलीवर बसून त्या दाराची राखण करत होता. मनात सूड होता की नुसती नोकरी, हे त्याच्या तोंडावरून कधीच कळलं नाही. रविवारी साहेब बाहेर आले की तो उठून उभा राहायचा, टोपी काढायचा आणि फाटक उघडून धरायचा.

खाणंपिणं वरच्या मजल्याच्या खिडकीतून दोरीने यायचं. जुनी स्वयंपाकीण पेग ग्रीली फाटकाजवळच्या खोलीत राहत होती. ती रोज सकाळी खिडकीखाली येऊन ओरडायची.

"मिस लेटी, टोपली सोडा! आणि जरा बेतानं. काल माझ्या डोक्यावर आली. आहे तेवढं डोकं मला पुरवून वापरायचंय."

"आहे कुठे ते? दाखव तरी," झाडाखालून मायल्स म्हणायचा.

"तू गप रे मेल्या. बसून बसून पालवी फुटेल तुला."

"फुटू दे की. मालक बाहेर आले की सावलीला उभे राहतील."

ओटच्या भाकऱ्या, ताक, चुलीसाठी पीटची, म्हणजे जळाऊ मातीची, वाळकी ढेकळं, कधीतरी एखादं अंडं, असं सगळं लेटी वर ओढून घ्यायची. दोरी ओढून ओढून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते. रविवारी चर्चला जाताना ती ते हातमोज्यांत लपवायची. हातमोज्यांनाही भोकं होती, पण ती बोटांच्या टोकांना होती.

वॉरंटावर तिचं नाव नव्हतं. ती कुणाचं काही देणं लागत नव्हती. तरी खरी कोंडली गेली होती ती लेटीच. साहेबांना निदान रविवार मोकळा होता; लेटीला तोही नव्हता. रविवारी दार उघडलं की पपा तिचा दंड धरायचे आणि संध्याकाळी परत येऊन कुलूप लागेपर्यंत सोडायचे नाहीत. कुलपाची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची, सदऱ्याच्या आत, रात्रंदिवस. तिने मागितली असती तर त्यांनी दिली नसती. तिने दार उघडून बाहेर पळायचं म्हटलं असतं तरी दार उघडण्याच्या त्या क्षणी मायल्सचा पाय आत आला असता.

आणि गेल्या हिवाळ्यापासून पपांचे वार हरवले होते. बाकी सगळं शाबूत होतं. आजोबांच्या कुत्र्यांची नावंसुद्धा पाठ होती. फक्त वार लक्षात राहत नसे. अंधाऱ्या घरात एक दिवस दुसऱ्यासारखाच, त्यांचा तरी काय दोष! रोज सकाळी ते जिन्यावरून हाक मारायचे, "लेटी, आज कोणता वार?" ती सांगायची. सोमवार म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. शनिवार म्हटलं की ते दाढीचा वस्तरा शोधायला लागायचे. ती म्हणेल तो वार. पूर्वी चर्चची घंटा तरी ऐकू यायची, पण पाद्री गेल्या वर्षी बदलून गेले, नवे पंधरवड्यातून एकदा येतात, आणि घंटा वाजवणारा कॅनडाला गेला.

कॅनडा. हा शब्द लेटीच्या डोक्यात मिस्टर टिस्डल यांनी घातला होता.

अँब्रोज टिस्डल जमिनीची मोजणी करणारे. बुडीत जहागिऱ्या विकून टाकायला जे नवं कोर्ट बसलं होतं, त्याच्यासाठी ते किलकोरन मोजायला आले. बायको वारलेली, वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं कमी. मोजणीची साखळी घेऊन ते शेतातून चालायचे आणि लेटी वरच्या खिडकीतून बघायची. आपलंच घर विकायला मोजणाऱ्या माणसाची वाट पाहणं ही काही शहाण्या मुलीची लक्षणं नव्हेत, हे तिला कळत होतं. तरी ती वाट पाहायची. पुढे रविवारी चर्चच्या आवारात ओळख झाली. पपांना ते आवडले, कारण कुत्र्यांच्या गोष्टी ते शेवटपर्यंत ऐकून घेत. टिस्डल यांनी लेटीला लग्नाचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा लेटीने पपांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

गेल्या रविवारी पपा थडग्याच्या कठड्यावर दम खायला बसले, तेवढ्यात टिस्डल हळूच म्हणाले, "माझं इथलं काम संपलं. बुधवारी सकाळी टपालाची गाडी चौकातून जाते. मी तिच्यात असेन. तुमची जागा धरून ठेवलीय. शनिवारी कॅनडाचं जहाज आहे."

"मी बाहेर कशी येऊ? बुधवारी?"

"ते मला सांगता येत नाही, मिस बॉडकिन. पण तिसऱ्यांदा विचारायला मी इथे नसेन."

त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. दुसरा कुणी असता तर तिने म्हटलं असतं, जा तर जा. संध्याकाळी घरी येऊन पपांनी कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या आत टाकली आणि म्हणाले, "चला. झाला एक रविवार." लेटीला त्या वेळी ओरडावंसं वाटलं. पण बाहेर मायल्स ऐकत असणार म्हणून ती तेही करू शकली नाही. तीन वर्षं ती त्या घरात मोठ्याने रडलीसुद्धा नव्हती.

सोमवार गेला. मंगळवारी तिने पपांच्या सदऱ्याला बटण लावलं आणि तेव्हा तो विचार तिच्या मनात आला. खरं म्हणजे तो आला नाही. तो बरेच महिने तिथे होताच, तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. किल्ली पपांकडे होती, पण वार तिच्याकडे होता.

मग ती स्वतःला समजावत बसली. तुरुंगात कर्जदारांची बाजू वेगळी असते म्हणे. शेगडी मिळते, वेळेवर जेवण मिळतं, चार भले लोक असतात बोलायला. इथे काय आहे? मी नुसती निघून गेले तर हे टोपलीसुद्धा ओढू शकणार नाहीत, उपाशी मरतील. त्यापेक्षा तिथे सुखी राहतील. हे सगळं अगदी बरोबर होतं. माणूस स्वतःच्या सोयीचं असतं तेव्हा फार बरोबर बोलतो.

बुधवारी सकाळी जिन्यावरून हाक आली. "लेटी, आज कोणता वार?"

"रविवार, पपा."

"इतक्यात?" ते म्हणाले आणि मग लहान मुलासारखे हसले. "अरे वा! हा आठवडा भराभर गेला की!"

तिने त्यांना गरम पाणी दिलं. त्यांनी दाढी केली, हनुवटीवर थोडं कापलं. रविवारचा निळा कोट तिने झटकून दिला. बाहीची शिवण उसवली होती. ती तशीच ठेवावी का शिवावी, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने ती शिवली. आपल्या पिशवीत तिने एक झगा, आईचा कंगवा आणि बायबल एवढंच घातलं. पपांनी पिशवीकडे पाहिलं.

"हे काय?"

"पेगला द्यायचे कपडे."

"चांगली मुलगी," ते म्हणाले.

दाराशी येऊन त्यांनी किल्ली काढली. कुलपाने नेहमीसारखे आढेवेढे घेतले. "आज पाद्री येणार आहेत ना? की नुसतीच प्रार्थना?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, येणार आहेत. एकदा खोटं बोललं की पुढची खोटी आपोआप येऊन रांगेत उभी राहतात. दार उघडलं. उन्हात दोघांचेही डोळे दिपले. पपांनी तिचा दंड धरला आणि पायऱ्या उतरायला लागले.

पेग खिडकीखाली टोपली घेऊन उभी होती. ताकाचं मडकं तिच्या हातातून सुटलं. झाडाखाली मायल्स ताडकन उठला आणि सवयीने त्याने टोपी काढली. टोपी छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की आज टोपी काढायचा वार नव्हे.

दर रविवारसारखी पपांनी त्याला पाहून काठी उंचावली. "कोइन, तू अजून इथेच? तुझ्या कॅथलिक लोकांची प्रार्थना संपत आली असेल. जा, पळ! देव वाट बघत नाही."

मायल्स त्यांच्याकडे बघत राहिला. तीन वर्षं ज्या क्षणासाठी तो बादलीवर बसला होता तो क्षण चालत त्याच्याकडे आला होता, आणि वर त्याला प्रार्थनेला पाठवत होता.

"मालक," तो म्हणाला, "तुम्ही आत जा."

हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही कळलं नसावं. पेगने कपाळावर हात मारला.

"आत? रविवारचं आत जाऊ? काय चढवून आलायस काय सकाळी सकाळी?" पपा हसले. "लेटी म्हणते आज रविवार आहे."

मायल्सने मान वळवली. "मिस लेटी, आज वार कोणता?"

पाच पावलांवर उघडं दार होतं. ती म्हणाली असती की चुकले, पपा, चला आत, तर मायल्सने बहुधा जाऊ दिलं असतं. त्याने तशी संधीच दिली होती. आणि मग दार लागलं असतं, गाडी गेली असती, आणि उद्या गुरुवार उगवला असता, परवा शुक्रवार. लेटीला त्या सगळ्या वारांची शिसारी आली.

"बुधवार," ती म्हणाली.

पपांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी तिचा दंड सोडला नाही. उलट त्यावर दोनदा थोपटलं. "मग तू चुकलीस, बाळ. होतं असं. अंधारात माझंही होतं. काही हरकत नाही." आणि ते दाराकडे वळले.

मायल्स पुढे झाला आणि त्याने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. जोर अजिबात लावला नाही. पण तेवढं पुरे होतं, कायद्याला तेवढंच लागतं.

"माफ करा, मालक. आता ऐकलं मी. ऐकलं नसतं तर गोष्ट वेगळी."

"हो, हो. बरोबर आहे. तुझं काम आहे ते." पपा गोंधळले होते, पण खानदानी माणूस गोंधळला तरी पाहुण्याला अवघडू देत नाही. "कुठे जायचं मग?"

"गॉलवेच्या तुरुंगात. मी गाढवाची गाडी आणतो. तिथे शेगडी मिळते."

मायल्स गाडी आणायला गेला. कैद्याला एकटं सोडून गेला, आणि कैदी पायरीवर बसून राहिला. पेग सांडलेल्या ताकाकडे बघत होती. शेवटी पपांनीच गळ्यातली किल्ली काढून लेटीच्या हातात दिली. "दार लावून घे. आणि मी येईपर्यंत कुणाला उघडू नकोस."

गाडी आली. मायल्सने त्यांना हात देऊन वर चढवलं, पायांवर गोणपाट घातलं. गाडी हलणार तेवढ्यात पपांना काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कोइन, रविवारी मात्र तुम्हा लोकांना मला अडवता येत नाही. रविवारी सकाळी दार उघडतात ना तिथलं?"

मायल्सने लगामाकडे पाहिलं. पपांना उत्तर नकोच होतं. कायदा त्यांना पाठ होता. ते लेटीकडे वळले.

"तू मला घ्यायला ये. लवकर ये, चर्चला उशीर नको. तिथले लोक काहीही वार सांगतील, मी त्यांचं ऐकणार नाही. तू येऊन सांगितलंस की मग मी उठेन."

"येईन, पपा."

"नक्की?"

"नक्की."

गाडी फाटकातून बाहेर पडली. पपा ताठ बसले होते, निळा कोट घालून, जसे काही स्वतःच्या बग्गीत. पेगने शालीच्या टोकाने नाक पुसलं.

"काय केलंत हो, मिस लेटी," ती म्हणाली. मग तिने पिशवी उचलून लेटीच्या हातात कोंबली. "आता केलंयत तर पदरात तरी पाडून घ्या. दुष्काळात माझा भाऊ ह्या घराचा खंड भरता भरता मेला, मी काही ह्या घरासाठी रडणार नाही. पळा! नाहीतर हेही गेलं आणि तेही गेलं."

लेटी पळाली. तीन वर्षांत ती एकटी अशी चाललीसुद्धा नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छपरं नसलेली झोपडी होती, गवत वाढलं होतं, कुठे माणूस नव्हता. दंडावर कुणाचा हात नाही म्हणून तिचा तोलच जात होता, एकदा ती पडता पडता वाचली. सुटले, सुटले, असं ती स्वतःशी म्हणत होती. पण तिच्या डोळ्यांसमोर टिस्डल येत नव्हते, जहाजही येत नव्हतं. रविवार सकाळ येत होती. पपा दाढी करतील. कोट घालतील. टोपी गुडघ्यावर ठेवून खाटेवर बसतील आणि शिपायाला म्हणतील, अजून वेळ आहे, माझी मुलगी येतेय. शिपाई हसेल. सोमवारी तो सांगेल की रविवार होऊन गेला, आणि ते विश्वास ठेवणार नाहीत. ते तसेच बसतील, कोट न काढता. तिने नाही सांगितलं म्हणजे रविवार आलाच नाही. आणि असं किती दिवस बसतील? मरेपर्यंत बसतील. त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, पण वाट पाहणं त्याला येत होतं, आणि ते त्याला त्या घरातल्या तीन वर्षांनी शिकवलं होतं.

ती चौकात पोचली तेव्हा गाडी उभी होती. घोडे फुरफुरत होते. टिस्डल खाली उतरले, टोपी काढली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर उघडाउघड आनंद दिसला. तो माणूस हसल्यावर दहा वर्षांनी लहान दिसत होता. त्यांनी पिशवीसाठी हात पुढे केला.

लेटीने पिशवी दिली नाही. तिने वर बसलेल्या गाडीवानाकडे पाहिलं.

"रविवारी गॉलवेला गाडी जाते का हो?"

"रविवारी कुठली गाडी, बाई? रविवारी घोडेसुद्धा देवाचे. गॉलवेला शनिवारी जाते, आजच्या उलट दिशेने."

टिस्डल यांचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता. तिला तो धरायचा होता. इतकं काही तिला आयुष्यात कधी हवं वाटलं नव्हतं.

"मग शनिवारची माझ्यासाठी एक जागा ठेवा," लेटी म्हणाली. "आणि पुढच्याही शनिवारची."